‘वीजळी’वरील पूर्वजांचा शोध

कच्छमधून मुंबईस आलेल्या काही घराण्यांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते : ‘आमचे एक आजे वीजळीत गेले.’ विजेच्या दिव्यांमुळे लोकांनी जिला ‘वीजळी’ म्हटले, ती ‘वैतरणा’ आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मांडवीहून मुंबईकडे निघाली. द्वारकेस आणखी उतारू चढले. पोरबंदरला समुद्र खवळलेला असल्याने ती थांबली नाही आणि पुढे सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे गेली. ना प्रेत मिळाले, ना फळकूट.

तो दिवस कार्तिक शुद्ध पंचमीचा. बाजाराची लाभपंचमी, आपली ज्ञानपंचमी. दिवाळी गावी करून पेढीवर परतण्याचे हे दिवस. म्हणूनच घरातील आठवण सहसा झटकून टाकू नये. मात्र लोकगीताने आणि पुढे गुणवंतराय आचार्यांच्या कादंबरीने ही बोट घरोघर नेली. तेरा वरातींची कथा आजीने सांगितली, तर ती आजीची की गाण्याची, हे पाहावे लागते. (गाण्याचा गोडवा पुराव्याला नेहमीच मारक!)

पुरावा शोधायचा तो वंशावळीच्या वहीत आणि त्याहून अधिक पेढीच्या चोपड्यांत. कोणाचे खाते १९४५ च्या कार्तिकानंतर अचानक थांबले, कोणाच्या जागी धाकट्या भावाचे हस्ताक्षर आले, हे पाहावे. येथे एक गफलत संभवते. कच्छमध्ये विक्रम संवत आषाढात बदलतो, गुजराती व्यापारी पंचांगात कार्तिकात. त्यामुळे ‘श्रावण १९४५’ ही नोंद कच्छी वहीत १८८८ ची, म्हणजे बोटीच्या आधीची. मुंबईच्या कार्तिकी वहीत तीच १८८९ ची, म्हणजे नंतरची. वही कोठे लिहिली गेली हे न पाहता मृताला जिवंत किंवा जिवंताला मृत ठरवण्याची पाळी येते. कार्तिक ते ज्येष्ठ मात्र दोन्ही पंचांगांत वर्ष एकच.

बुडाल्याचे वृत्त लोकांना लगेच कळले नव्हते. बोट येईल म्हणून वाट पाहिली गेली, शोधासाठी दुसऱ्या बोटीही धाडल्या गेल्या. तेव्हा खाते मिटवल्याची तारीख पंचमीनंतर कित्येक महिन्यांची निघाली, तरी तिच्यावरून नातेवाईक बोटीवर नव्हता असे समजू नये. एखाद्या घराने तेवढा काळ आशा सोडली नव्हती, एवढाच कदाचित तिचा अर्थ.