तुरीची अळी आणि पुण्याची प्रयोगशाळा

मार्गशीर्ष आला की दुबलगुंडीच्या शिवारात तूर शेंगांनी वाकते. आपल्या घरांत कोणी तिला तूर म्हणते, कोणी तोगरी. पण अळीचे नाव निघाले की सगळ्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात. मराठीत ती घाटे अळी, कन्नडमध्ये कायिकोरक. शेंगेला भोक पाडून डोके आत घालते आणि दाणा फस्त करते. झाडे हलवून अळ्या खाली पाडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण १९९७-९८ च्या हंगामात तूर हातची गेली आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी बीदर जिल्हा हादरला.

योगायोग असा, की १९९८ सालीच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून या अळीवर एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांचे ते काम. हरभऱ्याचे झाड दाण्यात अशी प्रथिने साठवते, की ती खाल्ल्यावर अळीला अन्न पचू नये. मग अळी मरत का नाही? उत्तर अळीच्या पोटातच सापडले. तिचे पाचक रस ही प्रथिनेच तोडून टाकतात. तूर-हरभऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या अळीला त्यांचे कुलूप उघडण्याची किल्ली मिळाली होती.

१९९९ मध्ये याच गटाने पुढचे पाऊल टाकले. अळी एरवी ज्यावर जगत नाही अशा भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा यांची प्रथिने तिला खाऊ घातली. ती अधिक परिणामकारक ठरली. मात्र एकाच कुलपावर भागत नाही, ती आळीपाळीने वापरावी लागतील, असेही दिसले.

पुढे गिरी जर्मनीतील येना येथे माक्स प्लांक संस्थेत गेले. तेथे रानटी तंबाखूवर काम झाले. अळीची लाळ पानाच्या जखमेला लागली की झाडातील प्रथिने कशी बदलतात, यावरचा निबंध २००६ साली आला.

आता मेटाबोलोमिक्स या अवघड शब्दाकडे वळू. आपले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. जनुके म्हणजे आजीची पाककृतींची वही, प्रथिने म्हणजे राबणारे हात आणि पातेल्यात प्रत्यक्ष शिजते ते म्हणजे चयापचयातून तयार होणारी रसायने. त्या सगळ्या रसायनांची एकत्र मोजदाद करणारे शास्त्र म्हणजे मेटाबोलोमिक्स. वही वाचून आमटी कशी झाली ते कळत नाही, पातेल्यात डोकवावेच लागते. याच वाटेने पुण्याच्या गटाने हापूसचा वासही तपासला. कच्च्या फळापासून पिकेपर्यंत कोणती सुगंधी द्रव्ये कधी तयार होतात, याची नोंद २००९ साली प्रसिद्ध झाली.

या संशोधनातून अळीला दाद न देणारे तुरीचे बियाणे अजून दुकानात आलेले नाही, हे खरे. पण फवारा मारण्याआधी शत्रूच्या पोटात काय चालते ते समजून घ्यावे लागते, हे त्याने शिकवले. २०१९ साली गुलबर्गा तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या डाळीचा मान एवढा, तिच्या अळीचा अभ्यासही आपल्याच मुलांनी का करू नये? प्रयोगशाळा दूर असेल, पण तिचा प्रश्न आपल्या बांधावरच उभा आहे. यंदा तुरीत जाताना मुलांनाही बरोबर न्या, अळी दाखवा आणि त्यांना विचारू द्या: हिला हे पचते कसे?