खोक्यावरचे वॉट, सोफ्यावरचा आवाज

मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ही बातमी आता शिळी झाली. ५५ इंची पडदा भिंतीला लागला की घरात पुढचा विषय निघतो: चित्र झकास आहे, पण आवाज कुठाय? मग आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीच्या दुकानांची फेरी होते. साउंडबारवर ज्याचं भागत नाही तो गडी थेट एव्ही रिसीव्हरपाशी येऊन थांबतो. तिथे काउंटरमागून सांगितलं जातं, ‘साहेब, ह्याचा आवाज उबदार, त्याचा कोरडा.’ आणि सोबत आलेला पुतण्या मोबाइलवर तक्ते काढून दाखवतो: सिनॅड, टीएचडी, हिरव्या पट्ट्या, लाल पट्ट्या. काका मधल्यामध्ये.

वॉटचा हिशेब आधी उरकू. समजा खोक्यावर ठळक ‘१५० वॉट’ आहे. बारीक अक्षरं वाचली तर कळतं की हा आकडा एकच चॅनेल चालू ठेवून, ६ ओहमच्या भारावर, एकाच सुराला आणि तब्बल १० टक्के डिस्टॉर्शन पत्करून काढलेला आहे. दोन चॅनेल, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ अशी सरळ कसोटी लावली की तोच रिसीव्हर ९०च्या आसपास उतरतो आणि सातही चॅनेल एकदम चालवले की त्याच्याही खाली. (हातभर टेपरेकॉर्डरवर पीएमपीओचे हजार वॉट छापणाऱ्यांपुढे हे सज्जनच म्हणायचे.) अमेरिकेत या छपाईवर १९७४ पासून नियम आहे, पळवाटा बुजवायला २०२४ मध्ये तो आणखी कडक करावा लागला.

गंमत अशी, की १५० आणि ९० वॉटमधला फरक डेसिबलमध्ये मोजला तर जेमतेम २.२ भरतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. एका वॉटला एका मीटरवर ८८ डेसिबल देणारा नेहमीचा स्पीकर असेल, तर सोफ्यावर बसून संवाद ऐकायला वॉटचा दहावा भागसुद्धा पुरतो. शंभर वॉट लागतात ते क्षणभराच्या स्फोटाला. तिथे रिसीव्हर कमी पडला की आवाजाची लाट माथ्यावर छाटली जाते, आणि तो चिरका आवाज कुणालाही कळतो. वॉटचं मोजमाप कामाला येतं ते इथे.

आता पुतण्याच्या लाल-हिरव्या पट्ट्या. सिनॅड म्हणजे मूळ आवाजाच्या मानानं खरखर आणि डिस्टॉर्शन मिळून किती डेसिबल खाली आहे, तो आकडा. एका रिसीव्हरचा ७५ आणि दुसऱ्याचा ९५ आला, तर तक्त्यावर पहिला नापास, दुसरा गुणवत्ता यादीत. पण तुम्ही ७५ डेसिबलवर सिनेमा बघताय. पहिल्याची सगळी घाण शून्य डेसिबलच्या आसपास, म्हणजे ऐकू येण्याच्या सीमेवर. घरातला पंखाच चाळीसएक डेसिबल. शिवाय मोठा सूर आपल्या शेजारचे बारीक सूर कानातच झाकून टाकतो. आकडा खरा आहे. तो कानापर्यंत पोचत नाही, एवढंच.

मग डिस्टॉर्शन ऐकूच येत नाही का? येतं की! त्यासाठी पन्नासेक किलोमीटरवर मिरजेला जावं. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकेकाळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी हा धंदा उभा केला. तिथला कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून केसभर वळण देतो, तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवतो, आणि एका क्षणी तार ‘बोलायला’ लागते. ती जवारी. तार त्या रुंद घोडीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि मूळ सुरावर वरच्या स्वरांची रांग उभी राहते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे तार जिथे छेडली तिथे ज्या स्वराचा स्थिर बिंदू असतो, तो स्वर उमटायलाच नको. तंबोऱ्यात तो उमटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली हे कोडं शास्त्रीय निबंधात मांडलं. रिसीव्हरच्या मोजपट्टीवर तंबोरा ठेवला तर पट्टी लालभडक होईल, आणि गवई त्याच लालीसाठी पैसे मोजतो. कारण तिथे ते वरचे स्वर मूळ सुराला खेटून उभे असतात. रिसीव्हरच्या ०.०८ टक्के टीएचडीत, म्हणजे एकूण डिस्टॉर्शनमध्ये, ते हजारपटीहून खाली दबलेले असतात. त्यामुळे ‘उबदार’ आवाजाची गोष्ट कुणी जवारीचा दाखला देऊन विकू लागला, तर किती टक्के ते विचारा.

काउंटरवरच्या कानाचं मला पुतण्याच्या तक्त्यापेक्षा जास्त वावडं आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हरमन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा बघत आणि एकदा पडद्याआड ऐकवले. डोळ्यांनी दिलेले गुण पडद्याआड टिकले नाहीत. रिसीव्हरांत तर फरक त्याहून बारीक. दुकानात एक किंचित मोठ्यानं वाजत असला तरी तोच ‘चांगला’ वाटतो. दोघांचा आवाज काटेकोर जुळवून, नाव झाकून ऐकवणारं दुकान मी अजून पाहिलेलं नाही.

खरा घोळ खोलीत आहे. दहा बाय बाराचा हॉल, दहा फूट उंची, वर स्लॅब, खाली टाइल्स. दहा फुटांत ५६ हर्ट्झची लाट नेमकी अडकते. रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून दोनदा. बाराच्या बाजूला ४७. तेवढाच बेस दहा-दहा डेसिबलनं फुगतो आणि दोन हातांवरच्या खुर्चीत गायब होतो. पट्टणकोडोलीचं घोंगडं भिंतीला टांगलं तर टाळ्यांचा खणखणाट कमी होईल, पण ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब. तिला घोंगडं दिसतसुद्धा नाही. शाहू महाराजांचं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ साली माइकविना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं ते इमारतीच्या जोरावर. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं, तेव्हा छप्पर आणि खुर्च्यांबरोबर तो आवाजही गेला, आणि तो पुनर्बांधणीच्या निविदेत किती ओळींचा असतो याची मला धास्ती आहे.

म्हणून दोन रिसीव्हरांमधले वीस हजार वाचत असतील तर ते दुसऱ्या सबवूफरला द्या. दोन ठिकाणचे दोन सबवूफर मिळून बेसचे हे खड्डे-टेंगळ बऱ्यापैकी सपाट करतात. खोलीचा आवाज मोजायला रिसीव्हरच्या खोक्यात मिळणारा छोटा माइक बहुतेकांच्या घरी पिशवीतच राहतो. पंखा बंद करून, कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर, तो सोफ्यावर कानाच्या उंचीला सात-आठ जागी फिरवा. आणि रिसीव्हर टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबू नका. तो अनेकदा मरतो तो उष्णतेनं किंवा एचडीएमआयच्या बोर्डामुळे, सिनॅडमुळे नव्हे. वर वीतभर जागा मोकळी हवी.