काहीच न वाढवणारी डबी

१९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ तयार केला आणि मराठी सिनेमा बोलू लागला. गाणं आधी मुद्रित करायचं आणि नंतर त्यावर ओठ हलवायचे, ही सोय तेव्हा नव्हती. हरिश्चंद्राच्या वेषातले गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर खरोखरच गात होते आणि तो आवाज फिल्मवर उतरवायची जबाबदारी विष्णुपंत दामल्यांवर होती. त्या खटाटोपाच्या मुळाशी एक अडचण होती. मायक्रोफोन आवाजाची वीज करतो खरा, पण ती व्होल्टच्या काही हजारांश भागांएवढी. व्हॉल्व्हच्या एकेक टप्प्यावर तिला मोठं करत नेल्याशिवाय पुढचं काहीच चालत नसे.

पुढची ५० वर्षं घरातही हीच गत होती. रेकॉर्डच्या खाचेतून फिरणाऱ्या सुईचा कार्ट्रिज जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतो. एवढ्याशा विजेला पॉवर ॲम्प्लिफायर दाद देत नाही, म्हणून मध्ये प्रीॲम्प्लिफायर. मग १९८२ मध्ये सीडी आली आणि तिच्या प्लेअरमधून थेट २ व्होल्ट बाहेर पडू लागले. मधल्या माणसाचं मुख्य काम एका रात्रीत संपलं, आणि ते संपलंय हे कित्येकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आकडे मांडून बघा. ५० वॉटचा, २० पट गेनचा एक साधा ॲम्प्लिफायर घेऊ. ८ ओहमच्या स्पीकरवर ५० वॉट म्हणजे २० व्होल्ट. त्यासाठी इनपुटला १ व्होल्ट पुरतो. पण दिवाणखान्यात बसून गाणं ऐकताना बऱ्याचदा १ वॉटसुद्धा भरपूर होतो. तेव्हा स्पीकरवर २.८ व्होल्ट असतात आणि इनपुटवर फक्त ०.१४. प्लेअर तर देतोय २. म्हणजे आलेल्या व्होल्टेजचे १४ भाग केले, तर त्यातले १३ टाकून द्यायचे आणि एकच पुढे सोडायचा! इतकं टाकायचंच असेल, तर आधी वाढवायचं कशाला?

पॅसिव्ह प्रीॲम्प नेमकं हे टाकून देण्याचंच काम करतो. धातूची डबी, मागे चार सॉकेट, आत एक पॉट (पोटेन्शिओमीटर), पुढे एक नॉब. प्लग नाही, बॅटरी नाही, ट्रान्झिस्टर नाही. त्यामुळे स्वतःचा गुणगुणाट नाही आणि स्वतःची विकृतीही जवळपास नाही. पॉट उघडून पाहिला, तर आत कार्बनचा काळा पट्टा दिसतो, जवळपास पूर्ण वर्तुळ, एका ठिकाणी तुटलेलं. त्यावरून पितळी जीभ सरकते. पट्ट्याच्या एका टोकाला प्लेअर, दुसऱ्याला ग्राउंड आणि जिभेवर ॲम्प्लिफायर. जीभ जिथे टेकेल, त्या जागेचं व्होल्टेज पुढे जातं. एवढीच सगळी यंत्रणा. कान पटींच्या हिशेबाने ऐकतो. व्होल्टेज निम्मं झालं तरी त्याला ते फक्त ६ डेसिबलने उतरल्यासारखं वाटतं. म्हणून हा पॉट लॉग जातीचा घेतात. त्याचा नॉब अर्ध्यावर आला तरी जिभेखाली पट्ट्याच्या एकूण रोधाचा १० ते १५ टक्केच भाग असतो.

मला यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, समजा ४७ किलोओहम आहे. प्लेअरचे पूर्ण २ व्होल्ट जरी त्याच्यावर आले, तरी तो घेतो ०.०९ मिलिवॉटहून कमी. शितावरून भाताची परीक्षा करावी, तसा तो फक्त चाखतो, आणि तेवढ्यावरून भिंतीतल्या विजेला ५० वॉटचं गाणं घडवायला लावतो. पाच लाख पटींहून अधिक फरक! गायिकेच्या आवाजातली मींड, तिचा श्वास, हे सगळं त्या जवळजवळ न वाहणाऱ्या विजेतून पलीकडे जातं.

म्हणूनच इथे देणाऱ्याचा आउटपुट इम्पिडन्स कमी आणि घेणाऱ्याचा इनपुट इम्पिडन्स जास्त हवा, निदान दहापट. जुन्या टेलिफोन लाइनींवर ६०० ओहमला ६०० ओहम जोडत. तिथे लांबवर शक्ती पोचवायची होती. इथे तशी बरोबरी केली, तर निम्मं व्होल्टेज वाटेतच जातं. खरी मेख मात्र पॉटमध्ये आहे. व्होल्टेज निम्मं होतं, त्या जागी १०० किलोओहमच्या पॉटचा आउटपुट इम्पिडन्स २५ किलोओहम होतो. पाच मीटर वायरची धारकता धरा ५०० पिकोफॅरड. दोन्ही मिळून सुमारे १३ किलोहर्ट्झपासून वरचे स्वर उतरायला लागतात. पॉट १० किलोओहमचा घेतला, की हीच हद्द दहापट वर जाते, माणसाच्या कानाच्या पार पलीकडे. काही व्हॉल्व्हवाल्या प्लेअरना मात्र १० किलोओहमचं ओझं जड जातं, आणि आउटपुटचा कपॅसिटर लहान असेल तर खर्जही पातळ होतो.

१३ किलोहर्ट्झवरची ही घट सगळ्याच मुद्रणांत जाणवते असं नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती केसरबाई केरकरांसारख्या शिष्यांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांतून. त्या तबकड्यांत १३ किलोहर्ट्झच्या वर ऐकण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे त्यांच्या सीडीवर हा फरक कळणारही नाही. आजच्या चांगल्या मुद्रणात मात्र तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी मंदावते आणि कारण कुणाला सापडत नाही. तबकडी थेट वाजवायची असेल, तर ही डबी उपयोगाचीच नाही. तिथे फोनो प्रीॲम्प लागतोच. १९७७ साली केसरबाईंची भैरवी असलेली तबकडी घेऊन व्हॉयेजर अवकाशयाने निघाली, त्यांच्यासोबत सुई आणि कार्ट्रिज दिले आहेत, ॲम्प्लिफायर नाही. ज्याला ती तबकडी सापडेल, त्याला वीज वाढवण्याची विद्या स्वतःच शोधावी लागेल.

या डबीची एक उणीव मान्य करायला हवी. नॉब अगदी खाली असताना स्वस्त पॉटचे डावा-उजवा असे दोन्ही गाळे सारखे चालत नाहीत आणि गायक मधून सरकून एका बाजूला जातो. पायऱ्यापायऱ्यांनी रोध बदलणारा स्विच घेतला की हा दोष जातो, खर्च मात्र वाढतो. डबीचं काय, कोल्हापूरसारख्या उद्यमनगर असलेल्या गावात ॲल्युमिनियमची डबी घडवून घेणं अवघड नाही.

तेव्हा पैसे घालण्याआधी प्लेअर आणि ॲम्प्लिफायरच्या पुस्तिकांची शेवटची पानं काढा. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स काहीशे ओहम, ॲम्प्लिफायरचा इनपुट २० किलोओहमच्या वर आणि १ ते २ व्होल्टमध्ये पूर्ण ताकद असेल, तर १० किलोओहमचा दोन गाळ्यांचा लॉग पॉट आणा, वायर मीटरभरच ठेवा आणि खुशाल जोडा. यातलं काही जुळत नसेल, तर बफर असलेला, म्हणजे आउटपुट इम्पिडन्स कमी करून देणारा, प्रीॲम्पच घ्या.