घरचा प्रिंटर अडला तर

कॅडेट मित्रांनो, एनडीएच्या लेखी परीक्षेचे प्रवेशपत्र टपालाने येत नाही. लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घ्यायचे आणि छापील प्रत केंद्रावर न्यायची. नेमक्या त्याच वेळी प्रिंटर अडतो. भिलाईला नेहरू नगरमधल्या आमच्या घरी सुट्टीत हे काम माझ्याकडे असते. माझा नियम एकच: आधी बिघाड कुठे आहे ते ओळखायचे, मग हात लावायचा.

ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रिंटरला स्कॅनर असेल तर काचेवर कागद ठेवून झेरॉक्स काढा. प्रत नीट निघाली तर प्रिंटर ठीक आहे; दोष वाय-फायमध्ये किंवा संगणकात आहे. प्रत निघालीच नाही तर वाय-फायच्या मागे लागू नका. कागद आणि शाई पाहा.

वाय-फायचा दोष असेल तर या क्रमाने जा:

१. संगणकावर अडकून पडलेली जुनी छपाईची कामे रद्द करा. पुढचे काम त्यांच्यामागे रांगेत थांबलेले असते.

२. राउटर बंद करून चालू करा. दोन-तीन मिनिटांनी प्रिंटर आणि शेवटी संगणक चालू करा.

३. प्रिंटर आणि संगणक एकाच नेटवर्कवर आहेत ना, ते पाहा. घरचे बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्यांना दिसतच नाही. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवरूनही बहुधा छपाई होत नाही.

४. प्रिंटरचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. वाय-फायचा पासवर्ड पुन्हा भरा.

५. पत्ता बरोबर असूनही संगणक ‘ऑफलाइन’ दाखवत असेल तर पत्ता बदललेला असू शकतो. प्रिंटर काढून पुन्हा जोडा आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवा.

वेळ कमी असेल तर सरळ यूएसबी केबल लावा.

कागद अडकला तर प्रिंटर बंद करून प्लग काढा. लेझर प्रिंटरचा आतला भाग खूप तापतो, तो निवू द्या. कागद दोन्ही हातांनी, शक्यतो तो ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, हळूहळू ओढा. सुरी किंवा चिमटा घालू नका. फाटलेला तुकडा आत राहिला तर पुढचा कागदही तिथेच अडतो. म्हणून मागचे झाकण उघडून पाहा आणि तुकडे जुळवून कागद पुरा झाला का ते तपासा.

आमच्याकडे पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात, तर उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे चिकटतात. म्हणून गठ्ठा वेष्टनातच ठेवावा, घालण्यापूर्वी कडा फडफडवून कागद सुटे करावेत, ट्रे ठासून भरू नये. बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकतील इतक्याच सरकवाव्यात.

आणि प्रवेशपत्र संकेतस्थळावर आले की त्याच दिवशी दोन प्रती काढून ठेवा. मग बिघाड झालाच, तरी तो शोधायला वेळ हाताशी राहतो.