गायरानावरचा हक्क : वहिवाट, कागद आणि सरकार

बालाघाटच्या पठारावरील वाशी तालुक्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, जमिनीचे जे वाद पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळत आले आहेत, त्यांत गायरानाचा वाद सर्वांत गुंतागुंतीचा आहे. गायरान म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली जमीन. तिच्यावर साऱ्या गावाची वहिवाट असली, तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार खाजगी मालकीची नसलेली जमीन सरकारची ठरते आणि चराईसाठी ती राखून ठेवण्याचा अधिकार कलम 22 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. त्यामुळे गाव वापरणारे, ग्रामपंचायत सांभाळणारी आणि मालक मात्र सरकार, अशी तिहेरी रचना निर्माण झाली.

या रचनेत ज्यांच्या वाट्याला काहीच आले नव्हते, त्या दलित व भटक्या-विमुक्त भूमिहीनांनी पडीक गायराने फोडून, दगडगोटे वेचून कसायला घेतली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1953 मध्ये मराठवाड्यात आणि पुढे 1964-65 मध्ये देशभर झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी त्यांच्या जमिनीच्या मागणीला राजकीय बळ दिले. अखेर राज्य सरकारने 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने, 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचे धोरण जाहीर केले. अशी जमीन ‘भोगवटादार वर्ग 2’ म्हणून नोंदली जाते, म्हणजे धारकाला ती कसता येते, परंतु सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही.

अडचण पुराव्याची आहे. ताबा जुना असल्याचे दाखवायला तलाठ्याकडील गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, पंचनामा किंवा दंडाची पावती लागते. म्हणजेच ज्या नोंदी कसणाऱ्याला हटवण्यासाठी झाल्या, त्याच पुढे त्याच्या हक्काचा आधार ठरतात, आणि ज्याची नोंदच घेतली गेली नाही, त्याचा दावा कष्ट खरे असूनही लटका पडतो. दुसरीकडे, पशुपालकांची तक्रारही पोकळ नाही, कारण अवर्षणाच्या या पट्ट्यात कुरण आटले की शेळ्या-मेंढ्यांवर जगणारी घरे आधी मोडतात.

सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा ताबे हटवण्याचे आदेश दिले. मात्र सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी, तसेच शाळा-दवाखान्यांसारख्या सार्वजनिक सोयी, यांना अपवाद म्हणून नियमित करण्याची मुभाही त्याच निकालात ठेवली आहे. हा अपवाद विसरून धनदांडग्यांचे अतिक्रमण आणि भूमिहीनाची कसवणूक यांना एकाच मापाने मोजले, तर निकालाचा हेतूच उलटा होतो. अलीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठीही सरकारी व गायरान जमिनी देण्याचे धोरण आल्याने या जमिनीवर आणखी एक दावेदार उभा राहिला आहे.

म्हणून गायरानाचे नवे वाटप करण्यापूर्वी गावनिहाय मोजणी व्हावी, एक-ईच्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, 1991 च्या धोरणाखालील प्रलंबित दावे आधी निकाली काढावेत आणि चराईसाठी किती क्षेत्र उरते ते जाहीर करावे. कसणाऱ्यांनीही जुन्या पावत्या व पंचनाम्यांच्या प्रमाणित प्रती जपून ठेवाव्यात, कारण या वादात महसुली दप्तरातील नोंदीवाचून कष्टाचा हक्क सिद्ध होत नाही.