गणिताचा दर्जा : गुणपत्रिकेत नव्हे, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांत

दहावीच्या गणितात किती गुणांना उत्तीर्ण म्हणावे, यावर राज्यात वारंवार वाद झडतो. मात्र पाचवीच्या मुलाला भागाकार येतो की नाही, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील पालकांनी दर्जाचा आग्रह धरायचा, तर तो इथूनच धरावा लागेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातील एका तरतुदीने पालकवर्गात खळबळ उडवली. दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्यास उत्तीर्ण मानावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर तसा शेरा असावा आणि या विषयांवर आधारलेल्या पुढील अभ्यासक्रमांना त्यास प्रवेश मिळू नये, असे त्या तरतुदीचे स्वरूप होते. नवा अभ्यासक्रम लागू होईल तेव्हाच ती अमलात येईल, असेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले. तरीही 'दर्जा घसरला' आणि 'मुलांची सुटका झाली', अशा दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. केवळ एका विषयापायी ज्याचे शिक्षणच थांबते, त्या विद्यार्थ्याला कला, भाषा किंवा कौशल्य शिक्षणाची वाट मोकळी व्हावी, ही मागणी अन्यायकारक नाही. त्याचबरोबर, सोळाव्या वर्षी गुणपत्रिकेवर पडलेला शेरा अनेक दारे कायमची बंद करतो आणि तो बहुधा ज्यांना शिकवणीची सोय नव्हती त्यांच्याच वाट्याला येतो, हा आक्षेपही खरा आहे. परंतु उत्तीर्णतेची रेषा ३५ वर असो वा २० वर, ती ओढली जाते ती दहा वर्षांच्या शिक्षणानंतर. दर्जा सुटतो तो त्याच्या कितीतरी आधी.

जुनाच वाद, नवी निमित्ते

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. राज्य मंडळाने बीजगणित-भूमितीला पर्याय म्हणून 'सामान्य गणित' काही वर्षे चालवून पाहिले. २०१७-१८ पासून नववीत आणि त्यापाठोपाठ दहावीत हा पर्याय बंद करण्यात आला. नेमक्या त्याच सुमारास, जून २०१७ मध्ये, अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांविषयीच्या जनहित याचिकेवरील सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने दहावीला गणित ऐच्छिक ठेवता येईल का, अशी विचारणा केली होती. केंद्रीय मंडळाने वेगळा मार्ग पत्करला. २०२० च्या परीक्षेपासून त्याने दहावीला 'स्टँडर्ड' आणि 'बेसिक' अशा दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिका आणल्या.

जून २०१९ मधला वाद तर घराघरांत पोहोचला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबरच 'वीस एक' असे संख्यावाचन दिले गेले आणि मराठी भाषेचे काय होणार, या चिंतेने विधिमंडळापर्यंत चर्चा रंगली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली होती. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारले जातात, लिहिताना मात्र दोन आधी येतात. त्यामुळे लहान मूल २५ च्या जागी ५२ लिहून बसते. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. जुनी पद्धत काढून टाकलेली नाही, नवी जोडीला दिली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वाद भाषेच्या अंगाने बराच झाला. वर्षअखेरीस किती मुले १ ते १०० संख्या अचूक वाचू-लिहू शकतात, हा गणिताचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आकडे काय सांगतात?

डिसेंबर २०२४ मध्ये देशभर 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. ७८१ जिल्ह्यांतील ७४ हजारांहून अधिक शाळा आणि २१ लाखांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. गणितातील राष्ट्रीय सरासरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के निघाली. इयत्ता चढत जाते तशी ही सरासरी उतरत जाते. तिसरीच्या केवळ ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या वा उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीत दहापर्यंतचे पाढे आणि मूलभूत क्रिया येणाऱ्यांचे प्रमाण ५३ टक्के होते.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ४३.३ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. 'असर' ग्रामीण भागापुरती पाहणी करते, त्यामुळे हे आकडे ठाण्या-डोंबिवलीचे नव्हेत. पण शहरी पालकाने त्यावरून निर्धास्त होणे योग्य नाही. 'परख'चे जिल्हानिहाय अहवाल उपलब्ध असले तरी ठाणे जिल्ह्याच्या सरासरीत घोडबंदर रस्त्यावरील खासगी शाळाही येते आणि शहापूर-मुरबाडमधील खेड्यातील शाळाही. अशी सरासरी महापालिकेच्या एखाद्या शाळेतील मुलांना काय येते, हे सांगू शकत नाही.

दर्जा म्हणजे अवघड प्रश्नपत्रिका नव्हे

गणिताचा दर्जा वाढवा म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे जाड पुस्तक आणि किचकट गणिते येतात. वस्तुतः दर्जा म्हणजे एका इयत्तेच्या अखेरीस प्रत्येक मुलाला काय करता आले पाहिजे, याचे स्पष्ट आणि पडताळता येईल असे विधान.

उदाहरणादाखल शेकडेवारी घ्यावी. शंभर रुपयांची वस्तू २० टक्के सवलतीने ८० रुपयांना मिळाली आणि पुढे तिची किंमत २० टक्क्यांनी वाढली, तर ती पुन्हा शंभर होते का? होत नाही; ती ९६ होते, कारण दुसऱ्या वेळचे २० टक्के ८० वर मोजले जातात. सूत्र पाठ असलेला विद्यार्थीही इथे चुकतो. किंवा अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज 'दोन पंचमांश' लिहिणारे मूल घ्या. दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षाही कमी आहेत, हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण अपूर्णांकाचा आकार त्याच्या मनात कधी उभाच राहिलेला नाही. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या पिढीला हा अंदाज पाठांतरातून येई. ती पद्धत गेली. तिची जागा घेणारे दुसरे काही सर्वत्र रुजले नाही.

विशेष म्हणजे अशी विधाने नव्याने लिहून घेण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन 'अध्ययन निष्पत्ती' आठवीपर्यंत लागू झाल्या. त्यानुसार तिसरीच्या मुलाला २, ३, ४, ५ आणि १० चे पाढे तयार करता व वापरता आले पाहिजेत. सहावीत अपूर्णांक व दशांश यांच्या बेरीज-वजाबाकीची व्यवहारातील उदाहरणे सोडवता आली पाहिजेत. सातवीत शेकडेवारीचे अपूर्णांकात आणि दशांशात रूपांतर करता आले पाहिजे. बालभारतीच्या पुस्तकांत या निष्पत्ती आरंभीच्याच पानांवर छापलेल्या असतात. पालक मात्र ती पाने उलटून थेट पहिल्या धड्याकडे जातात.

ठाणे ते कल्याण : दर्जा विकत घेणारी शहरे

गणिताबाबत हा पट्टा उदासीन मुळीच नाही. शिष्यवृत्ती, ऑलिंपियाड, होमी भाभा बालवैज्ञानिक अशा परीक्षांसाठी येथील मुले पहाटेपासून शिकवणीला धावतात. स्थिरांक ६१७४ मुळे जगभर ओळखले जाणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूला जन्मले आणि त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यातच झाले. पुढे नाशिक-देवळालीच्या शाळेत शिकवत त्यांनी संख्यांवर संशोधन केले. शालेय गणिताला येथे वारसा आहे, हौस आहे आणि खर्चाची तयारीही आहे.

अडचण अशी की, ज्या पालकाला उणीव जाणवते तो ती आपल्या मुलापुरती शिकवणी लावून भरून काढतो. शाळेला त्याचा पत्ता लागत नाही आणि वर्गातील उरलेल्या मुलांना त्याचा लाभ होत नाही. रिक्षाचालकाचे किंवा घरकाम करणाऱ्या बाईंचे मूल महापालिकेच्या शाळेत जाते; त्याच्या भागाकाराची चौकशी करणारे कुणी नसते. सेमी-इंग्रजी वर्गांनी आणखी एक पेच उभा केला आहे. 'लसावि' आणि 'मसावि' मराठीत शिकलेले मूल अचानक त्याच संकल्पना इंग्रजी नावांनी ऐकते, तेव्हा त्याला न कळलेली गोष्ट गणिताची आहे की भाषेची, हे शिक्षकालाही चटकन उमगत नाही.

कॅलिफोर्नियाचा धडा

नागरिकांनी संघटितपणे शालेय गणिताचा दर्जा बदलून घेतल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे आहे. १९८९ मध्ये तेथील गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने नवी मानके जाहीर केली. आकलन आणि गणकयंत्राचा वापर यांवर भर देताना हातची आकडेमोड दुबळी होत आहे, अशी तक्रार पालक करू लागले. सॅन डिएगोत 'मॅथेमॅटिकली करेक्ट', तर पालो अल्टोत 'होल्ड' हे पालकांचे गट उभे राहिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणितज्ञांच्या साह्याने तयार झालेली नवी मानके राज्याने डिसेंबर १९९७ मध्ये स्वीकारली.

मात्र या यशाला दुसरी बाजूही आहे. आठवीतच बीजगणित आले पाहिजे, ही अपेक्षा पाया कच्चा असलेल्या मुलांना झेपली नाही आणि पुढे 'कॉमन कोर' मानके आल्यावर ती सैल करावी लागली. 'आकलन की आकडेमोड' हा झगडा वर्षानुवर्षे चालला. अखेर २००८ मध्ये राष्ट्रीय गणित सल्लागार मंडळाने आकलन, अचूक आकडेमोड आणि उदाहरणे सोडवण्याची क्षमता एकमेकींना बळ देतात, असा निर्वाळा दिला. लोकांचा दबाव परिणामकारक ठरतो. पण तो केवळ वरच्या इयत्तांचे माप उंचावण्यासाठी खर्च झाला, तर खालच्या पायऱ्यांवरची मुले मागेच राहतात.

मागणी कोणती, कुणाकडे?

आपल्याकडे साधने आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शासकीय, महापालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक असून तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. या बैठकांत गणवेश, पाणी, स्वच्छतागृहे हे विषय येतात आणि ते यायलाच हवेत. त्यांच्या जोडीला इयत्तानिहाय किती मुलांनी गणिताच्या कोणत्या निष्पत्ती गाठल्या, हा विषय दर सत्राला कार्यपत्रिकेवर ठेवता येतो. खासगी शाळांत हेच काम पालक-शिक्षक संघ करू शकतो. मुलांची नावे किंवा क्रमवारी जाहीर करण्याची गरज नाही. वर्गातील चाळीस मुलांपैकी किती जणांना भागाकार येतो, एवढा आकडा पुरे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे नागरिकांना शाळानिहाय गणित पडताळणीची आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळेच्याच वेळेत जादा तासिकांची मागणी करता येईल. निवृत्त अभियंते, बँक कर्मचारी आणि शिक्षक यांची या शहरांत वाण नाही; आठवड्यातून दोन तास देणारे हात शाळांना मिळू शकतात. राज्य पातळीवर अभ्यासक्रम आराखड्यांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले होतात. मे २०२४ मध्ये असा मसुदा आला, तेव्हा भाषा आणि श्लोक यांवर रण माजले. गणितावर तेवढ्या हिरिरीने कुणी बोलले नाही. पुढच्या वेळी तरी हे बदलायला हवे.

काही मुलांना गणित खरोखरच जड जाते. अध्ययन-अक्षमता असलेल्यांसाठी मंडळाच्या सवलती आहेत आणि त्या राहिल्याच पाहिजेत. पण जे मूल शिकू शकत होते आणि ज्याला शिकवलेच गेले नाही, त्याला दहावीत २० गुणांवर पुढे ढकलणे ही सवलत नव्हे. त्याची उणीव तिसरीत दिसत होती, पाचवीत दिसत होती, सातवीतही दिसत होती. ती त्या त्या वर्षी मोजा आणि त्याच वर्षी भरून काढा, एवढी मागणी पालकांनी एकत्र येऊन लावून धरली, तर दहावीची रेषा कुठे ओढायची, या वादाची धार पुष्कळच बोथट होईल.