उन्हाळ्यात टिकेल असा बोर्ड

भिलाईच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर नंदिनी नगर आहे. भिलाईच्या इस्पात कारखान्याला लागणारा चुनखडीचा दगड इथल्या खाणींतून जातो. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर चढतो, आणि खाणपट्ट्यातली धूळ वर्षभर असतेच. अशा ठिकाणी स्वतः भाग निवडून संगणक जोडायचा असेल, तर पहिला विचार मदरबोर्डाचा व्हायला हवा. एरवी होतं उलटंच. आधी प्रोसेसर, मग ग्राफिक कार्ड, आणि उरलेल्या पैशांत बोर्ड. ही पद्धत मला मुळीच पटत नाही. ग्राफिक कार्ड दहा मिनिटांत बदलता येतं. बोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं कॅबिनेट रिकामं करणं आलं.

सुरुवात सॉकेटपासून करावी. इंटेलचं एलजीए 1700 हे सॉकेट 2021 साली आलं. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर त्यात बसतात, पुढचे नाहीत. एएमडीचं एएम 5 सप्टेंबर 2022 मध्ये आलं, आणि 2027 पर्यंत तरी त्याला साथ देऊ, असं कंपनीने जाहीर केलं आहे. आज साधा प्रोसेसर घेऊन तीन-चार वर्षांनी त्याच बोर्डावर दमदार प्रोसेसर बसवायचा बेत असेल, तर मी एएम 5 घ्यायला सांगेन. मात्र त्यावर डीडीआर 5 रॅमच चालते. घरात जुनी डीडीआर 4 पडून असेल, तर एलजीए 1700 चे काही बोर्ड ती घेतात.

आता उन्हाचा मुद्दा. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून बोर्डाला 12 व्होल्ट मिळतात, पण प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. हा उतार बोर्डावरच्या व्हीआरएममध्ये होतो. सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला चौकोनी कॉइल, काळे मॉस्फेट आणि कपॅसिटर ओळीने बसवलेले असतात, तोच हा भाग. 100 वॅट आणि 1.2 व्होल्ट असा हिशेब मांडला, तर 80 अँपिअरहून जास्त करंट या चिमुकल्या भागांतून वाहतो, म्हणून ते तापतात. स्वस्त बोर्डांवर मॉस्फेट उघडेच असतात, त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक नसतो. थंड खोलीत आणि हलक्या कामाला ते चालून जातं. पण 40 अंशांच्या खोलीत तासभर व्हिडिओ रेंडर लावला, तर व्हीआरएम तापून प्रोसेसरचा वेग आपोआप उतरतो. एएमडीच्या 65 वॅटच्या रायझेन प्रोसेसरला हीटसिंक असलेला, बी 650 चिपसेटचा साधा बोर्ड पुरतो. रायझेन 9 7950 एक्स मात्र 230 वॅटपर्यंत ओढतो, त्याला भक्कम बोर्डच हवा. रंगीत दिव्यांसाठी दोन-तीन हजार जास्त मोजण्यापेक्षा तेच पैसे इथे घालावेत.

बोर्डाचा आकार ठरवताना कॅबिनेट बघा. मायक्रो-एटीएक्स 244 बाय 244 मिलिमीटरचा असतो, आणि बहुतेक घरांना तो पुरतो. रॅमचे चार स्लॉट दिसले म्हणून चारही भरायचा मोह नको. रायझेन 7000 मालिकेत दोन पट्ट्यांवर रॅमचा अधिकृत वेग 5200 आहे, चार पट्ट्यांवर तो 3600 वर येतो. त्यामुळे 32 जीबी हवी असेल, तर 16 च्या दोन पट्ट्या घ्याव्यात.

बायोस म्हणजे संगणक सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर. बायोस फ्लॅशबॅकचं बटण मागच्या पॅनेलवर आहे का, तेही बघा. ते असेल तर प्रोसेसर न बसवता नुसत्या पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट होतो. बोर्डावरचा बायोस जुना आणि प्रोसेसर नवा असला की संगणक सुरूच होत नाही. मोठं शहर जवळ नसलेल्या माणसाला हे बटण फार उपयोगी पडतं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही प्रोसेसरांचा बिघाड 2024 मध्ये उघडकीला आला, तेव्हा त्यावरचा उपायही बायोस अपडेटमधूनच आला.

खोकं दुकानातच उघडा. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढून पिना तिरप्या नजरेने, टॉर्चच्या उजेडात बघा. ओळीतली एक जरी वाकलेली असली, तर चमक तिथे तुटलेली दिसते. वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत बसत नाहीत. ते झाकण आणि जीएसटीचं बिल जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी दोन्ही मागितले जाऊ शकतात.

एएम 5 बोर्डावर डीडीआर 5 लावून पहिल्यांदा बटण दाबलं, की पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून स्विच बंद करू नका. पडदा उजळल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमच्या वेगाची एक्स्पो ही सेटिंग चालू करा, नाहीतर जास्त वेगाची घेतलेली रॅमही 4800 सारख्या मूळ वेगावरच चालत राहील.